कबुली कोणापुढे?

अपराधाची जाणीव असणे आणि अपराध न करणे यांत अंतर आहे, हे सांगण्यासाठी नीतिशास्त्राच्या ग्रंथांकडे जाण्याचे कारण नाही. व्यवहारात ते आपण सारेच ओळखतो. साहित्यव्यवहारात मात्र हे अंतर फार लवकर पुसट होते. लेखकाने स्वतःच्या भूमिकेविषयी संशय व्यक्त केला, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापुढे स्वतःला दोषी ठरविले, की त्याचे लेखन तेवढ्या प्रमाणात अधिक प्रामाणिक झाले असे आपण धरून चालतो. 'आत्मसजग निवेदन' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत रूढ झाल्यापासून तर या धरून चालण्याला सिद्धान्ताचेही पाठबळ मिळाले आहे. मी स्वतः हेच अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो. त्याविषयी मनात जी शंका निर्माण झाली ती जेम्स एजी या अमेरिकन लेखकाच्या कारकीर्दीमुळे, आणि तीच येथे मांडावयाची आहे.

एजी हा कवी म्हणून आरंभ केलेला, पोटासाठी नियतकालिकांत नोकरी केलेला आणि अखेरच्या पाचसहा वर्षांत पटकथालेखनाकडे वळलेला लेखक. जन्म टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे १९०९ साली. तो सहा वर्षांचा असताना वडील मोटार-अपघातात गेले. हार्वर्डची पदवी घेऊन १९३२ साली तो 'फॉर्च्यून' या मासिकात रुजू झाला. हेन्री लूस यांनी १९३० साली सुरू केलेले हे मासिक उद्योगपतींसाठी होते, किंमत अंकाला एक डॉलर, आणि कचेरी न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगमध्ये. महामंदीच्या ऐन भरात भांडवलाचे गुणगान करणाऱ्या या मासिकाने आर्चिबाल्ड मॅक्लीशसारखे कवी नोकरीस ठेवावेत, हा त्या काळाचा एक विनोदच म्हणावा लागेल. एजीचा 'परमिट मी व्हॉयेज' हा कवितासंग्रह १९३४ साली निघाला. पण पगार पोलाद, वीज आणि धरणे यांविषयीच्या मजकुराचा होता.

१९३६ च्या उन्हाळ्यात 'फॉर्च्यून'ने त्याला आणि छायाचित्रकार वॉकर एव्हन्सला अलाबामा राज्यात पाठविले. कापूस पिकविणाऱ्या गोऱ्या कुळांच्या स्थितीवर लेख हवा होता. 'गोऱ्या' हे विशेषण मासिकाचे, हे येथेच नोंदवून ठेवणे बरे. दोघांनी हेल परगण्यात तीन कुटुंबे निवडली आणि एजी त्यांपैकी एका घरी काही आठवडे राहिला. ही कुळे म्हणजे आपल्याकडील बटईदारच. ज्या घरात तो राहिला तेथे जमीन, घर, खेचर, अवजारे मालकाची. निम्मा कापूस आणि निम्मा मका मालकाचा. खताचा निम्मा खर्च कुळाचा. आणि पीक येईपर्यंत वसंतातल्या चार महिन्यांत मिळणारी दहा डॉलरची मासिक खावटी हंगामाअखेर व्याजासह फेडावयाची. आपल्या कापूसपट्ट्यातील विद्यार्थ्याला या व्यवस्थेचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

लेख 'फॉर्च्यून'ने छापला नाही. त्याची कारणे निरनिराळी सांगितली जातात. त्यांत शिरण्याचे प्रयोजन नाही. एजीने पुढे त्याच सामग्रीवर पुस्तक लिहिले, 'लेट अस नाउ प्रेज फेमस मेन' या नावाचे. ते १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि त्या आवृत्तीच्या सुमारे सहाशे प्रती खपल्या. एजीचा मृत्यू १९५५ सालचा; १९६० मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलेल्या पिढीने ते डोक्यावर घेतले. तेव्हापासून पत्रकारिता आणि साहित्य यांच्या सीमेवरील लेखनाचा तो एक मानदंड ठरला आहे.

या पुस्तकाचा खरा विषय कुळे आहेत की एजी, हे सांगणे कठीण आहे. आरंभी नाटकासारखी व्यक्तींची यादी येते. तीत तो स्वतःची नोंद पत्रकाराच्या वेषातील हेर अशी करतो आणि एव्हन्सची प्रतिहेर अशी. कुटुंबांची नावे बदललेली आहेत. दिव्याचे वर्णन, भिंतीच्या फळ्यांचे, एका विजारीचे, घरातील वासांचे वर्णन पानेच्या पाने चालते. आणि मध्येच लेखक थबकून विचारतो की हे सारे पाहण्याचा अधिकार मला कोणी दिला. सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तो, ज्यात घरची माणसे शेतावर गेली असताना एजी एकटा त्या घरात हिंडतो. खण उघडतो, कपडे हाताळतो, वस्तू पुन्हा होत्या तशा ठेवतो. माणसे परतताना दिसतात तेव्हा तो ओसरीवर वही उघडून, पेन्सिल हाती घेऊन बसलेला असतो. त्यांना काही कळत नाही. आपल्याला मात्र सर्व कळते, कारण त्यानेच ते सांगितले आहे.

हे सांगणे म्हणजे काय? त्या घराला त्याचा काही उपयोग नाही. ज्याच्या खणात हात घातला त्याला न सांगता तिसऱ्यालाच सांगितलेली ही कबुली आहे. एजी ख्रिस्ती धर्मसंस्काराच्या शाळेत वाढलेला. त्या शाळेतील धर्मगुरू फादर फ्लाय यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू होता. कबुलीचा विधी त्याला चांगलाच परिचित असणार. त्या विधीत पाप सांगितल्यावर प्रायश्चित्त येते, आणि ज्याचे घेतले त्याचे परत करणे हेही येते. एजीच्या पुस्तकात सांगणे आहे, पुष्कळ आहे; परत करणे नाही. धर्मगुरूच्या जागी वाचक बसला आहे, आणि वाचकाजवळ क्षमा करण्याचा अधिकारच नाही. तो फार तर कौतुक करू शकतो.

एका वर्षी एम. ए. च्या वर्गात मी हा प्रसंग मोठ्या तन्मयतेने समजावून देत होतो. कापूसवाल्या घरातला एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, हे त्यानं त्या लोकायले वाचून दाखवलं का?" मी निवेदनतंत्राविषयी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे त्याला आणि मला दोघांनाही कळले. 'फॉर्च्यून'ने २००५ साली आपल्या त्या न छापलेल्या लेखाची हकिकत शोधून छापली, तेव्हा कुटुंबांच्या वंशजांतील कडवटपणा पुन्हा पुढे आला: आम्हांला कायमचे दरिद्री म्हणून रंगविले, आणि पुस्तकाची प्रतसुद्धा पाठविली नाही. दुसरी तक्रार पहिलीपेक्षा लहान वाटते. मला ती मोठी वाटते.

लायोनेल ट्रिलिंग यांनी १९४२ मध्येच या पुस्तकाची मनापासून स्तुती करताना एका दोषावर बोट ठेवले होते. एजीला ही माणसे चांगली म्हणूनच दिसतात, त्याखेरीज दिसू शकत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हा दोष अपराधभावनेतूनच येतो. ज्याच्यापुढे आपण दोषी आहोत त्याच्यात दोष पाहण्याची आपली ताकद जाते. आणि ज्यात दोष पाहता येत नाही तो माणूस पुरता माणूस राहत नाही. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे दोष दिसतातच, आणि त्यामुळे शेजार बिघडतोच असे नाही.

तरीही पुस्तकात एक प्रसंग असा आहे की तेथे हा आक्षेप थिटा पडतो. एजी आणि एव्हन्स यांना एका चर्चच्या आत जावयाचे असते. दार बंद असते. रस्त्याने एक तरुण कृष्णवर्णीय जोडपे जाते. त्यांना विचारावे म्हणून एजी मागून निघतो, अंतर वाढते तसा तो पाय उचलतो आणि थोडा धावतो. खडीवर मागून धावत येणाऱ्या गोऱ्या माणसाची पावले ऐकताच त्या स्त्रीचे सारे शरीर भयाने उसळते. एजी थांबतो, क्षमा मागतो. ती दोघे हसून काही नाही म्हणतात, कारण दुसरे काही म्हणण्याची त्यांना मुभा नाही. त्यांच्या पाया पडावे असे एजीला वाटते, आणि तसे करणे हा आणखी एक अत्याचार होईल हेही त्याच क्षणी उमजते. येथे कबुलीची निरर्थकता कबुली देणाऱ्यालाच दिसली आहे. क्षमा मागण्याची कृतीसुद्धा बलवानाची कृती ठरते, हे त्या खडीच्या आवाजाइतके स्पष्ट मी दुसरीकडे क्वचित वाचले आहे. पण ज्या समाजाचे हे जोडपे, तो समाज पुस्तकाच्या कडेलाच राहतो. मासिकाने घातलेले विशेषण मासिक सोडल्यानंतरही सुटले नाही.

पुस्तकातली छायाचित्रे वेगळ्या न्यायाने वागतात. एव्हन्सने कुटुंबांची चित्रे घेतली ती तिकाटण्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने, समोर उभे राहून. माणसांना आपले चित्र घेतले जात आहे हे ठाऊक होते. ती कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात, आणि पाहणाऱ्याला त्यांची नजर चुकविता येत नाही. ही चित्रे शीर्षकपृष्ठाच्याही आधी येतात आणि त्यांखाली एक अक्षर नाही. १९३७ सालचे अर्स्किन कॉल्डवेल आणि मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे 'यू हॅव सीन देअर फेसेस' हे पुस्तक याच दक्षिणेतील दारिद्र्यावर आहे. त्यात चित्रांखाली माणसांच्या तोंडची वाक्ये आहेत, आणि ती लेखकद्वयाने स्वतः रचलेली आहेत. त्यांनी तसे नमूदही केले आहे, म्हणजे कबुली तेथेही आहेच! एजीला या पुस्तकाची चीड होती. एकूण पाहता, एव्हन्सचा कॅमेरा समोरासमोर उभा राहिला आणि हेरगिरी शब्दांनी केली.

आणि आता ज्या गोष्टीने माझा मूळचा विश्वास ढळला ती. एजी हे पुस्तक लिहीत होता त्याच काळात, १९३८ ते १९४१ या वर्षांत, एव्हन्स न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांची चित्रे घेत होता. कॅमेरा कोटाखाली दडविलेला, कळ दाबण्याची तार बाहीतून हातात आणलेली. त्याच्या सोबतीला अनेकदा हेलन लेव्हिट असे, आणि १९४० मध्ये या चित्रांसाठी प्रस्तावना एजीनेच लिहिली. पुढे चाळिशीच्या दशकात हेलन लेव्हिट आणि जॅनिस लोब यांच्यासह त्याने ईस्ट हार्लेमच्या रस्त्यांवर, लोकांच्या नकळत, 'इन द स्ट्रीट' हा लघुपट चित्रित केला. म्हणजे घरी हेरगिरीबद्दलचा पश्चात्ताप लिहावयाचा आणि बाहेर जाऊन पुन्हा हेरगिरी करावयाची. यात दांभिकपणा आहे असे मी म्हणत नाही. भुयारी गाडीतल्या प्रवाशाचे कोणी काही नेले नाही. त्याचे नाव नाही, घर नाही, खण नाही. लेव्हिटच्या लघुपटातील मुले आजही आनंद देतात. पण पश्चात्तापाने आचरण बदलते हा सिद्धान्त येथे टिकत नाही, एवढे खरे. एव्हन्सने ती चित्रे पंचवीस वर्षे पुस्तकरूपाने छापली नाहीत. ती 'मेनी आर कॉल्ड' या नावाने १९६६ साली निघाली. त्याने कोणापुढे कबुली दिली नाही. थांबला.

दुसरा धक्का त्या न छापलेल्या लेखाचा. त्याचे टंकलिखित एजीच्या कागदपत्रांत सापडले आणि 'कॉटन टेनन्ट्स' या नावाने २०१३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीस हजार शब्दांचा हा मजकूर. धंदा, निवारा, अन्न, वस्त्र, काम, शिक्षण, आरोग्य अशी त्याची सरळ प्रकरणे आहेत. शेवटी कृष्णवर्णीय कुळांवर एक पुरवणी आणि जमीनमालकांवर एक. यात एजी स्वतः जवळजवळ नाही. राग आहे, तो थंड आणि उपरोधिक आहे, आणि त्याचा रोख कोणावर आहे याविषयी संदेह राहत नाही. कोण किती देणे लागतो, कशापायी, हंगामाअखेर हाती काय उरते, हे आकड्यांनी येते. मासिकाच्या मालकवर्गाला जो लेख बोचला असता तो हा.

पुस्तकात हे आकडे नाहीत असे नव्हे. 'पैसा' या विषयाला तेथेही जागा आहे. पण ते प्रार्थना आणि आत्मनिर्भर्त्सना यांच्या लोंढ्यात वाहून जातात. लेखात आरोपीच्या पिंजऱ्यात बटईची व्यवस्था उभी होती. पाच वर्षांनी पुस्तक आले तेव्हा त्याच पिंजऱ्यात लेखक स्वतः जाऊन उभा राहिला होता, आणि मालक श्रोतृवर्गात मिसळून गेला होता. आत्मसजगतेचा हा परिणाम आपल्या समीक्षेने पुरेसा ध्यानात घेतलेला नाही असे मला वाटते. लेखक स्वतःला दोषी ठरवितो तेव्हा तो पुष्कळदा खऱ्या दोषीची जागा अडवून बसतो.

अर्थात लेखाची बाजूही निर्मळ नाही. त्याच्या उपरोधाचे फटकारे कधी कधी कुळांनाही लागतात. थोडक्यात व्यक्ती उभी करण्याच्या मासिकी हातोटीत माणसाचा नमुना होतो. पुस्तकाचा एजी हे पुन्हा करणार नव्हता. दोहोंतील एक निवडा असे कोणी म्हणाले, तर अलाबामातील त्या घरासाठी मी लेख निवडीन आणि स्वतःच्या वाचनासाठी पुस्तक. ही निवड मला फारशी शोभत नाही, हे मला कळते.

चित्रपटसमीक्षेच्या वर्षांविषयी थोडक्यात. 'टाइम'मध्ये १९४१ पासून बिनसहीने आणि 'द नेशन'मध्ये १९४२ च्या अखेरीपासून सहीने, असे त्याचे लेखन १९४८ पर्यंत समांतर चालले. हिरोशिमानंतर २० ऑगस्ट १९४५ च्या 'टाइम'मधील अणुबाँबवरचा अग्रभागीचा मजकूरही त्याचाच, तोही बिनसहीचा. चॅप्लिनच्या 'मस्यू व्हर्दू'वर सर्वत्र टीका होत असता १९४७ मध्ये त्याने 'द नेशन'मध्ये तीन हप्ते त्याची बाजू मांडली. आणि चॅप्लिनसाठी अणुस्फोटानंतरच्या निर्मनुष्य न्यूयॉर्कची एक कथा लिहिली, जी कधीच पडद्यावर आली नाही. १९५० मध्ये 'लाइफ'साठी त्याने जॉन ह्यूस्टनवर दीर्घ लेख लिहिला आणि लवकरच ह्यूस्टनच्याच 'द आफ्रिकन क्वीन'ची पटकथा तो लिहू लागला. ते काम चालू असताना जानेवारी १९५१ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. समीक्षकाने ज्याची स्तुती केली त्याच्याकडेच नोकरी धरावी यात कोणी गैर पाहील. मला यात गैर दिसत नाही. वस्तू शब्दांतून नव्हे तर डोळ्यांना दिसावी ही १९३६ पासूनची तहान त्याला तिकडे घेऊन गेली. शक्य असते तर या पुस्तकात लिहिलेच नसते, छायाचित्रे आणि कापसाचे बोंड, मातीचे ढेकूळ, कापडाचे तुकडे असेच काही ठेवले असते, अशा अर्थाचे त्याने पुस्तकातच म्हटले आहे.

येथे आपल्याकडील एका लेखकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. विजय तेंडुलकरही वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत घडले, आणि 'निशांत', 'आक्रोश', 'अर्धसत्य' यांच्या पटकथा त्यांच्या. १९८१ साली एका इंग्रजी दैनिकाच्या पत्रकाराने स्त्रियांचा बाजार सिद्ध करण्यासाठी स्वतः एक स्त्री विकत घेऊन बातमी दिली. त्यावरून तेंडुलकरांनी 'कमला' लिहिले. पत्रकार जयसिंग जाधव कमलेला घरी आणतो, पत्रकारांपुढे उभी करतो. कमला त्याच्या पत्नीला सरळ विचारते की तुम्हांला केवढ्याला विकत घेतले. एजीने साडेचारशे पानांच्या आसपास जे स्वतःला विचारले, ते येथे विकत घेतलेली स्त्री विचारते. आणि विचारते तेही पत्रकाराला नव्हे. तेंडुलकरांच्या नाटकात कबुली नाही. कबुली देण्याइतका जयसिंग मोठाही नाही. दोष एका पात्राकडे गेला आणि लेखक बाजूला झाला; यात लेखकाची सुटका आहे असा आक्षेप घेता येईल. तथापि कमलेला बोलण्यास जागा मिळाली ती त्यामुळेच.

एजीलाही अखेर हीच वाट सापडली, असे मला वाटते. डेव्हिस ग्रबच्या कादंबरीवरून चार्ल्स लॉटनने 'द नाइट ऑफ द हंटर' काढला, पटकथा एजीची. त्याने लिहिलेला मजकूर निरुपयोगी होता, लॉटननेच सारे पुन्हा लिहिले, ही दंतकथा कित्येक वर्षे चालली. २९३ पानांचा त्याचा पहिला खर्डा या शतकाच्या आरंभी हाती आल्यावर तिचा आधार गेला: पाल्हाळ भरपूर, पण चित्रपटाची बांधणी त्यात आहे. कथा ग्रबची आहे हे विसरून चालणार नाही. तरी ती एजीच्या हाती यावी यात योगायोगाहून अधिक काही आहे. महामंदीचा काळ. ओहायो नदीकाठचे एक गरीब घर. फाशी गेलेल्या बापाने दहा हजार डॉलर मुलीच्या बाहुलीत दडविलेले. गोड बोलणारा, धर्माची भाषा बोलणारा एक परका माणूस त्या घरात शिरतो, विधवेशी लग्न करतो आणि दडविलेली वस्तू शोधू लागतो. त्याच्या एका हाताच्या बोटांवर प्रेम आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर द्वेष हे शब्द गोंदलेले आहेत, आणि त्या दोन हातांची झुंज तो प्रवचनासारखी करून दाखवितो. अलाबामातील ओसरीवर वही उघडून बसलेला तो तरुण पत्रकार येथे आठवतो. फरक असा की हा परका स्वतःविषयी कसलाही संशय बाळगत नाही. म्हणून त्याला पाहणे, आणि त्याच्यापासून दूर होणे, प्रेक्षकाला शक्य होते.

एजी १६ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत मरण पावला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. चित्रपट त्याच उन्हाळ्यात प्रदर्शित झाला. त्यात धर्मोपदेशकाला पोलीस पकडतात तेव्हा जॉन हा मुलगा धावत जाऊन बाहुली त्याच्यावरच आपटतो आणि पैसे विखरून पडतात. वडिलांना असेच जमिनीवर पाडून नेलेले त्याने पाहिले होते. पुढे न्यायालयात त्याला साक्षीसाठी उभे करतात. वकील तोच हा माणूस काय, म्हणून विचारतो. जॉन मान वर करीत नाही, त्या माणसाकडे पाहत नाही, बोलत नाही. आणि शेवटी त्याला तसेच जाऊ द्यावे लागते.